फुकट राबणारे मिस्त्रीकाका

संस्थेत सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. उभा जन्म बसच्या आगारात, गाड्यांखाली लोळण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर माणूस जरा पाय पसरून बसतो. हे मात्र रोज दुपारी दोन ते पाच फुकट राबायला हजर. संस्था आजाऱ्यांना व्हीलचेअर, वॉकर, पलंग वापरायला द्यायची. परत आलेल्या खिळखिळ्या खुर्च्या नीट करणं हे काकांचं काम. "का येता हो?" असं कुणी विचारलं, की म्हणत, "वेळ जात नाही." तेवढ्यावरही लोकांना गहिवरून येई. देवमाणूस सापडला की त्याची फार चौकशी कोण करतो?

वेळ जात नाही म्हणे! पहाटे पाचपासून त्या माणसाला बूड टेकायला फुरसत नसे. बायको तीन वर्षं पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. तिला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, चादरी धुवायच्या. दुपारी मेहुणी तीन तास येऊन बसे, तेवढीच सुटका. संस्थेत यातलं अवाक्षर त्यांनी काढलं नव्हतं. घरचं आजारपण टाकून लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग बायकोच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली आणि ती संस्थेतच मिळायची. काकांनी मुकाट्याने अर्ज भरला. रुग्णाशी नातं: पती.

अर्ज वाचून व्यवस्थापकबाईंचे डोळे भरून आले. "काका, कधी बोलला नाहीत! आता उद्यापासून यायचं नाही. वहिनींजवळ थांबा. इथलं आम्ही बघतो."

भली बाई. आपण काय काढून घेतोय, हे तिच्या गावीही नव्हतं. 'गादी नको मला' असं काकांच्या अगदी ओठांवर आलं. स्वतःचीच लाज वाटून त्यांनी ते गिळलं.

"मला काढू नका, बाई."

"अहो, काढतंय कोण? तुमच्यासाठीच म्हणतेय."

"मी सेवाबिवा करायला येत नाही हो. पळून येतो. तीन वर्षं तिचं करतोय, ती काही बरी होत नाही. इथे खुर्ची हातात घेतली की संध्याकाळपर्यंत नीट तरी होते."

बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी गादी आणून दिली. "आज लवकर निघा, वहिनींना आराम पडेल," म्हणाल्या, "आणि उद्या या."

साडेतीन वाजले होते. काकांनी गादी भिंतीला टेकवली आणि पाच वाजेपर्यंत खुर्च्यांचे नट आवळत बसले.