वाफ्याला रजा नाही

आमच्या गल्लीत त्याला सगळे वाफ्या म्हणतात. वीजकेंद्राच्या बॉयलरवर त्याचं आयुष्य गेलं. उकळता चहासुद्धा फुंकर न घालता पितो. केंद्र बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा त्याच्या जोडीचे ऑपरेटर दुसरीकडे चिकटले. हा एकटा उरला. मग विधानसभेने कायदा केला: विजेची दुसरी खात्रीची सोय झाल्याशिवाय एकही केंद्र बंद करायचं नाही.

झालं काय, तर केंद्र चालतही नाही आणि बंदही नाही. बॉयलर नुसता गरम ठेवायचा, हुकूम आला की चालू करायचा. हुकूम काही येत नाही. वाफ्या म्हणतो, "चूल पेटलेली, भांडं रिकामं, आणि मी पाहुण्यांची वाट बघत बसलोय."

त्यात त्याला लहानाचं मोठं करणारी थोरली बहीण, अक्का, दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळली. एकदा येऊन जा म्हणाली. याने रजा मागितली, मिळाली नाही. मी त्याला दंडाला धरून साहेबाच्या केबिनमध्ये नेलं. माझा आवाज जिन्यात ऐकू आला की तिथला शिपाई आधीच खुर्ची पुसतो.

"बहिणीला भेटायलाही कायदा आडवा येतो का हो?" मी टेबलावर हात आपटला.

"परवानाधारक ऑपरेटर हजर नसेल तर केंद्र तयार आहे असं धरत नाहीत, ताई. दुसरा माणूस द्या, याला आत्ता सोडतो."

"मग जाहिरात काढा!"

"काढली. उद्या बंद पडणाऱ्या ठिकाणी कोण येतंय?"

मी आवाज न चढवता त्याला परत खाली आणलं. मी!

परवा दुपारी मी बॉयलरच्या दाराशी त्याच्याजवळ बसले होते. अक्काचा फोन आला.

"बाळ, सकाळपासून लाईट नाही रे. पंखा बंद. माझी पोरगी बिचारी पेपरने वारा घालतेय."

वाफ्या ताडकन उठला. "आता हुकूम येणार!" त्याने स्वतःच हुकूम देणाऱ्या मुख्य कक्षाला फोन लावला. तिकडून थंडपणे सांगितलं, त्या वस्तीतला ट्रान्सफॉर्मर जळलाय. राज्यात वीज भरपूर आहे. काही चालू करू नका.

तो मटकन खाली बसला. मग पुन्हा अक्काला फोन लावला. "अक्का, कानाशी धर. मी बोलत राहतो."

तेवढ्यात आतली घंटा वाजली. बॉयलरचा दाब उतरला होता. फोन माझ्या हातात कोंबून तो आत पळाला.

पलीकडे पेपर फडफडत होता.

"बाळ, आहेस ना?"

"आत गेलाय, अक्का," मी म्हटलं. आणि फोन बॉयलरच्या दाराकडे धरला.