अकरावा खांब

नात संगणकाला कामं सांगायला शिकतेय. परवा तिनं त्याला दहा चौकोन शेजारी शेजारी आखायला लावले, तर शेवटच्याची एक बाजू उघडीच राहिली. "आजी, एक रेघ कमी पडतेय गं," ती वैतागून म्हणाली. मला आधी हसू आलं. मग मुलुंडच्या घराचं परस आठवलं.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. माझे वडील, अण्णा, शाळेत गणित शिकवायचे. घरीही दुसरं काही बोलायचे नाहीत. शेजारच्या बाजूला शंभर फूट कुंपण घालायचं ठरलं, तेव्हा दहा दहा फुटांवर एक असा तोंडी हिशेब करून त्यांनी दहा खांब आणले. रस्त्याकडून पुरत गेले आणि नव्वद फुटांवर खांब संपले. "वखारवाल्यानं एक कमी दिला," अण्णा म्हणाले. परसाकडचे दहा फूट मोकळेच राहिले.

तिथून माझी मैत्रीण यायची. शेजारच्या मालवणकडच्या घरातली. तिला रस्त्यावर एकटीनं जायची बंदी होती, परसातून मात्र चालायचं. "येव काय गो?" असं ओरडत ती सागरगोटे घेऊन यायची. मला ना भाऊ ना बहीण. ती आली नाही तर माझी दुपार सरत नसे.

सहामाहीला नेमकं तेच गणित आलं. शंभर फूट, दहा दहा फुटांवर झाडं, दोन्ही टोकांना झाड. उत्तर अकरा. कुंपणानंच शिकवलं होतं मला. पण पेपर अण्णा बघणार, अकरा वाचून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडणार आणि खांब येणार. मी ठळक अक्षरात दहा लिहिलं.

अण्णा भडकले. "मास्तरांची मुलगी, आणि हे उत्तर?" पाटी ओढून त्यांनी रेघ मारली, खुणा करत मोठ्यानं मोजू लागले. अकराव्या खुणेवर त्यांचा हात थांबला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. माझा शहाणपणा माझ्याच अंगाशी आला; रविवारी खांब दारात हजर.

खड्डा खणून झाला तोच ती आली. खांब बघून तिचा चेहरा उतरला.

"आता येवचा नाय काय, काका?"

अण्णांनी घाम पुसला. खांब आडवा ठेवला आणि आईला हाक मारली, "अगं, दोडक्याच्या मांडवाला तुला खांब हवा होता ना?"

आईला नको होता. ती हो म्हणाली.

दोन वर्षांनी ते लोक कायमचे गावी गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी हळूच विचारलं, "आता लावू का गं?" मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घर विकेपर्यंत ते दहा फूट तसेच होते, आणि एकटीनं सागरगोटे खेळताना मी तिकडेच तोंड करून बसायचे.