वाढत्या पायाचे स्केट्स

ईराने माझ्या क्लिनिकमध्ये स्टान्स घेतला. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, छाती वर, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर. कुठेच खोट काढता येईना. बर्फावर मात्र हीच मुलगी बाजूला सरकायला गेली की मागे कलंडायची.

मी पापाकुरात फिजिओथेरपिस्ट आहे. जवळच्या फ्लॅट बुश भागातली अकरा वर्षांची ईरा आइस हॉकीत गोली, म्हणजे गोलरक्षक. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, यायच्या आधी गोली ज्या तयारीत उभी राहते, तो स्टान्स. वजन टाचांवर गेलं की बाजूला जोर मारता येत नाही आणि पक मोकळ्या कोपऱ्यातून आत जातो. कोच ब्रेटने स्पष्टच सांगितलं होतं, "पुढच्या शनिवारच्या ट्रायल मॅचमध्येही ती अशीच पडली, तर टीममध्ये गोली दुसरी."

महिनाभर मी तिच्याकडून पोटऱ्यांचं स्ट्रेचिंग आणि एका पायावरचा तोल करून घेत होते. फाइलमध्ये प्रगती दिसत होती. रिंकच्या बर्फावर दिसत नव्हती.

"ताई, ही घाबरते का हो?" ईराचे बाबा, समीर, यांनी विचारलं.

"आय ॲम नॉट स्केअर्ड, बाबा! आय जस्ट फॉल."

मग गुरुवारी मी स्वतःच रिंकवर गेले.

"किया ओरा!" ब्रेटने इथला माओरी नमस्कार केला. "तुम्हा फिजिओंना हीप्स वेळा, ढीगभर वेळा बोलावलं. थंडी बघून कुणी आत येत नाही."

मी कठड्याला टेकून बघत राहिले. ईरा खाली वाकली, उजवीकडे सरकायला जोर मारला आणि पाठीवर पडली. तिसऱ्यांदा पडताना मला दिसलं, की आधी तिची टाच स्केटमध्ये वर उचलली जात होती. तिला बाहेर बोलावून स्केट काढायला लावला. आत दोन जाड मोजे. पुढे कापूस. स्केटच्या आतला सोल काढून त्यावर तिला उभं केलं. टाचेमागे माझी दोन बोटं आरामात बसली. एकही बसायला नको.

"समीर, हे स्केट्स मोठे आहेत."

"दीड साइझ. पाय वाढतोय ना तिचा! वाढत्या अंगाचेच घेतले."

"काय म्हणतोय तो?" ब्रेटने विचारलं. मी समजावून सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "अरे, स्केट्स आहेत ते, शाळेचा युनिफॉर्म नाही!"

समीर ओशाळले. खरं तर मी ओशाळायला हवं होतं. करमाळ्यात माझे शाळेचे बूटही असेच असायचे, पुढे कापूस कोंबलेले. ते घेताना आईवडिलांनी स्वतःसाठी काय काय घेतलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याच बुटांनी मला घरातली पहिली पदवीधर केलं. सैल बुटात बोटं आवळून, टाचांवर भार देऊन कसं चालावं लागतं हे मला पाठ होतं. ईरा बर्फावर तेच करत होती. पण क्लिनिकमध्ये मी तिला नेहमी अनवाणी तपासलं, म्हणून तिथे तिचा स्टान्स चुकायचाच नाही.

ब्रेटने क्लबच्या खोक्यातून मापाचे स्केट्स काढून दिले. ईराने ते घातले, एक पातळ मोजा, कापूस नाही. पहिल्याच ढकलण्यात ती गोलच्या उजव्या खांबापर्यंत गेली आणि उभीच राहिली.

"व्हॉट?" ती स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाली.

महिन्याचे व्यायाम वाया गेले नव्हते. त्यांची फक्त बर्फाशी गाठ घालून द्यायची राहिली होती.

शनिवारी ईराची टीम एका गोलने पुढे होती. शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुलीने डावीकडून थेट उजवीकडे पास दिला. गोलचा अर्धा भाग उघडा. ईराने जोर मारला, गुडघ्यांवर उतरली, छाती वरच. पक तिच्या पॅडवर आपटून बाहेर गेला. भोंगा वाजला. समीर इतक्या मोठ्याने ओरडले, की पलीकडच्या टीमचे आईबाप वळून बघायला लागले.

"स्वीट ॲज!" म्हणजे 'झकास' म्हणत ब्रेटने तिथेच यादीत ईराचं नाव लिहिलं.

आता कुणी खेळाडू आला की मी आधी त्याचे बूट मागते, मग पाय तपासते. हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण शिकवलं होतं, पहिल्याच वर्षी.