बोझकुलोकच्या पानातलं तेल

सरतानातलं, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या महिन्यातलं, ऊन ताश्कंदमध्ये सकाळी सातलाच भिंतींवर चढतं, आणि अकरा वाजले की इथर बाटलीत आपणहून उकळायला लागतो. म्हणून मुहय्यो ओपा, सगळ्यांची मोठी ताई, उन्हाळ्यात सहालाच कामावर यायची. त्या दिवशीही तिनं बर्फाची पाटी भरून घेतली, कोमट पाण्यावर इथर चढवला आणि थेंब नीट पडतोय ना ते बघत स्टुलावर बसली. कान मात्र फाटकाकडे होते. ओयदिन आज परत येणार होती.

मुहय्यो एकोणिसाव्या वर्षी या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली, आता एक्कावन्नची होती. शिक्षण शाळेपुरतंच. पण उभ्या काचेच्या नळीत पांढरी भुकटी भरावी तर तिनंच. वरून पानांचा अर्क सोडायचा, आणि त्यातले वेगवेगळे पदार्थ मागं-पुढं उतरत येतात ते वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचे. भरताना एक बुडबुडा राहिला तरी आठवड्याची मेहनत वाया. तिच्या नळीत बुडबुडा राहत नसे. एकदा चिठ्ठ्या भिजून गळालेल्या साठ बाटल्या तिनं नुसत्या वासावर ओळखून जागच्या जागी लावल्या होत्या. छापून येणाऱ्या लेखांत ‘प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार’ असं असायचं. त्या सहकाऱ्यांत ती.

बोझकुलोक हे एकच झुडूप तिचं स्वतःचं होतं. करड्या, लवदार, शेळीच्या कानासारख्या पानांचं. डोंगरातल्या एका खोऱ्यात, एकाच उतारावर उगवायचं. तिथल्या बायका तंदूरला हात भाजला की ते पान चावून लावत, आणि फोड येत नसे. खोऱ्यात धरण होणार असं ठरलं तेव्हा मुहय्योनं तुर्गुन दोमलांच्या, म्हणजे तिच्या साहेबांच्या, मागं लागून गाडी मिळवली. पाणी चढायच्या आत चाळीस किलो पानं तोडून आणली. दोमला म्हणाले होते, यातून नवीन काही निघालं तर लेखावर पहिलं नाव तुझं. तिला नावाचं एवढं नव्हतं. त्या पानात काय आहे ते पान जगातून जाण्याआधी कळावं, एवढं एकच तिच्या मनानं घेतलं होतं.

सहा वर्षं ती त्या अर्कामागं होती. तपासणीच्या काचपट्टीवर अर्कातला एकेक पदार्थ ठिपका होऊन उमटतो; त्यात शेवटी एक ठिपका हाती लागला, जाड, ठळक, दर वेळी त्याच जागी. त्याचं तेल निघालं, बिनरंगी, दोन थेंब भरेल एवढं. ते घेऊन ओयदिन परदेशातल्या मोठ्या यंत्राकडे गेली होती. ओयदिन तिच्याच हाताखाली नळी भरायला शिकलेली, आता डॉक्टर झालेली मुलगी.

ती आली ती बॅग खांद्यावर ठेवूनच उभी राहिली.

“ओपा, एकशे एकोणपन्नास.”

या धंद्यात तो आकडा झाडलोट करणाऱ्या बाईलाही ठाऊक असतो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल घालतात, त्याची ती खूण. कुणाच्या कागदावर तो आकडा निघाला की बाकीचे हसतात. मुहय्योही आजवर पुष्कळदा हसली होती.

“परत बघायचं होतंस.”

“दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा माझ्या हातानं.” ओयदिननं बॅग खाली ठेवली. “ओपा, प्लास्टिक कुठं लागलं? तुम्ही तर आम्हाला झाकणसुद्धा लावू देत नव्हता.”

मुहय्योला आठवावं लागलं नाही. खोऱ्यात काचेचे दोन्ही मोठे कुंभ गाडीतच फुटले होते. ओली पानं ढिगात तापून काळी पडायला लागली होती. तेव्हा सलोमत खोलानं, ज्या म्हाताऱ्या मावशीच्या घरी ते उतरले होते तिनं, दह्याची निळी प्लास्टिकची पिंपं धुऊन पुढं केली. तीनच दिवसांचा प्रश्न होता. मुहय्योनं पानं त्यात टाकून वर स्पिरिट ओतलं. मग पावसानं रस्ता वाहून गेला आणि तीनाचे नऊ दिवस झाले. स्पिरिट नऊ दिवस पिंप चाटत बसलं.

“बाकीच्या बाटल्या असतील ना? फिक्या ठिपक्यांच्या?” ओयदिननं विचारलं.

नव्हत्या. चार वर्षांमागं काच कमी पडली तेव्हा त्या चाळीस बाटल्या तिनंच, दोमलांना विचारून, मोरीत रिकाम्या केल्या होत्या. पानाचं खरं जे काही होतं ते त्यातल्याच कुठल्यातरी बाटलीत होतं. खोऱ्यातून आणून अंगणात लावलेली रोपं पहिल्याच हिवाळ्यात जळाली होती. आणि तो उतार आता साठ हात पाण्याखाली होता.

दोमलांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला. “सहा वर्षांत पिंप शोधून काढलंस, मुहय्यो,” ते म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच तिला चहा ओतून दिला. पियाल्याला तिनं हात लावला नाही. रागवायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

सलोमत खोलाला सांगणं भाग होतं. खोऱ्यातून उठवून त्यांना खाली माळावरच्या नव्या वसाहतीत बसवलं होतं, आणि दर नवरोजला म्हातारी फोन करून पानाची चौकशी करायची. दुपारी मुहय्योनंच फोन लावला.

“घावलं व्हय गं पोरी?”

“नाही, खोला. सापडलं ते पानातलं नव्हतंच. पिंपातलं होतं.”

“माज्या पिंपातलं?” म्हातारी घाबरली. “म्या चांगलं राखंनं घासलं हुतं की गं. तुज्यासमोर.”

“घासून जात नाही ते. पिंप तुमचं, पण चूक माझी आहे. मला माहीत होतं.”

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. म्हातारीनं त्यांना हुसकलं.

“मूठभर पान तरी ऱ्हायलं आसंल तुज्याकडं? एखाद्या पुड्यात?”

“एकही नाही.”

“आमच्याकडं बी न्हाई. हितल्या पोरी भाजल्यावर दात घासायचं मलम थापत्यात. मला बघवत न्हाई.” मग म्हातारीनंच विचारलं, “त्यापरीस बरं काय लावावं, सांग. तू येवढी शिकल्याली.”

मुहय्योनं दवाखान्यातल्या मलमाचं नाव सांगितलं. म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा चुकीचं. मुहय्योनं तिसऱ्यांदा सावकाश सांगितलं, मग फोन ठेवला.

व्हरांड्यात फरगानाहून आलेली तीन पोती उतरवून ठेवली होती, दुसऱ्याच कुठल्या झाडाची पानं, ओलसर. अशीच बांधून राहिली तर बुरशी धरली असती. तिनं पहिल्या पोत्याची सुतळी सोडली, सावलीत चादर पसरली आणि खाली बसून पानं आणि देठ वेगळे करायला लागली.