टीप म्हटलं की टीप मारायची

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, तुझी मोठी आजी. त्यांच्याबद्दल लिहायचं तर पहिल्यांदा हे लिही की त्या बोलत नाहीत. लोकांना वाटतं गर्विष्ठ आहेत. तसं काही नाही. तोंडात टाचण्या असतात. ओठांत टाचण्या धरून माणूस किती बोलणार? आणि टाचण्या काढल्या तरी बोलायला जागा कुठे मिळते, शेजारी मी असतेच ना.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी अक्कांची पायमशीन, भिंतीशी माझी, मध्ये कापायचं टेबल. पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं, पडदे, उशांचे अभ्रे. नवे कपडे कमीच, जुन्यांची डागडुजीच जास्त. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचं काम माझं आणि शिवायचं काम अक्कांचं. म्हणजे मीही शिवते, पण माझ्या हातची पॅन्ट घालून माणूस चालायला लागला की एक पाय दुसऱ्याच्या पुढे जातो. हसू नकोस, लिही.

अक्कांची टीप अशी सरळ, की पट्टी लावून बघ. त्या टीप मारताना मशीनचा आवाजसुद्धा शहाण्यासारखा येतो. माझी मशीन भांडल्यासारखी वाजते.

तर अशा बाईचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. चष्मा झाला, दुसरा झाला, मग डॉक्टर म्हणाले आता एवढंच दिसणार. कापड दिसायचं, टीप दिसायची, पण सुईचं नेढं दिसेना. दोरा ओला करायच्या, सुई खिडकीकडे धरायच्या आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जायचा. मग त्यांनी युक्ती काढली. जुना दोरा तोडायचाच नाही, त्याच्या शेपटीला नवा बांधायचा आणि ओढून घ्यायचा. गाठ बारीक असली की जाते आरपार. पण कधी जात नाही, आणि मग दोरा तुटतो. दोरा बदलायला लागू नये म्हणून त्या दिवसभर पांढऱ्यावर पांढरं शिवायच्या, काळं सगळं दुसऱ्या दिवशी. मला कळत होतं. न कळल्यासारखं करत होते. मला ते जमत नाही, पण केलं.

एक दिवस गणिताचे मास्तर आले. काळ्या पॅन्टला निळी टीप. मास्तरांनी बिचाऱ्यांनी नुसती पॅन्ट टेबलावर ठेवली आणि उजेडात सरकवली. अक्कांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या आणि म्हणाल्या, "मी आता थांबते."

मला वाटलं चहासाठी. म्हटलं, "थांबा, मीच टाकते."

"चहा नको. शिवणं थांबवते."

मी म्हटलं, "दोरा मी ओवून देत जाईन की. त्यात काय?"

"तू बाजारात गेलीस की मी काय हात जोडून बसू? तू बाजारात जातेस ती संध्याकाळी येतेस."

हे खोटं नव्हतं.

मशीनवर चादर टाकली आणि त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. बटणं निवडायच्या, रंगाप्रमाणे. गडद निळ्यात काळी यायची. मी गुपचूप बाजूला करायची आणि त्यांना ते कळायचं. जेवायच्या नाहीत धड. भाऊजींशी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याशी, आधीच कमी बोलायच्या, आता तेही बंद. आणि पुढच्या खोलीत मी एकटी. तुला सांगते, इतकी वर्षं मला वाटायचं मी गिऱ्हाइकांशी बोलते. नाही गं. मी अक्कांना ऐकवण्यासाठी गिऱ्हाइकांशी बोलायची. त्या नाहीत म्हटल्यावर माझीच बडबड मला नकोशी झाली.

म्हणून मी मशीनच्या दुकानात गेले. गेले होते जाड सुया आणायला. नेढं मोठं असलं की दिसेल, एवढीच अक्कल. तिथे एक विकणारा मुलगा, टाय लावलेला, टायची शिवण उसवलेली. मी आधी तीच बघितली. तो म्हणाला, "आजी, हे बघा." पांढरं मशीन, वर छोटा टीव्ही. त्याने एक दांडी खाली दाबली, सोडली. दोरा नेढ्यात. आपोआप.

"परत कर," मी म्हटलं.

त्याने परत केलं. मी परत म्हटलं, त्याने परत केलं. मग तो बदक काढायला लागला. बटण दाबलं की मशीन स्वतः कापडावर बदक भरतं, चोचीला पिवळा दोरा घाल म्हणून थांबतं, डोळ्याला काळा घाल म्हणून थांबतं. फुलं, जहाजं, अक्षरं. दांडीसाठी मी अर्धी विरघळले होते, उरलेली बदकाने विरघळवली. हे खरं ते लिही. अक्कांसाठी घेतलं असं सगळ्यांना सांगितलं, पण बदक बघताना अक्का मनात नव्हत्या.

किंमत सांगत नाही. पुढच्या खोलीची फरशी बदलायची ठरवली होती ना? ती अजून तीच आहे, त्यावरून काय ते समज. तुझा बाप आला, खोका बघितला आणि म्हणाला, "आई, विमान घेतलं असतंस तर फिरायला तरी गेलो असतो."

"पसंत नसेल तर महिन्याच्या आत परत घेतात," मी म्हटलं.

"मग खोका टाकू नकोस, मी घरी नेऊन ठेवतो," तो म्हणाला.

अक्कांना मी दांडी दाबून दाखवली, मशीनपुढे बसवायला गेले तर म्हणाल्या, "मला नाही जमायचं. तू शीक, मग बघू." आणि परत बटणांकडे.

आता शिकायचं कसं? बरोबर एक जाड पुस्तक आलेलं, सगळं छापील मराठीत. मला काळं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. अक्कांना वाचता येतं पण दिसत नाही. राहिले भाऊजी. आयुष्यभर सिनेमाच्या दारात तिकिटं फाडली त्यांनी, आवाज असा की अंधारात शेवटच्या रांगेपर्यंत जावा. त्यांना शिवणातलं शून्य कळतं. बटण तुटलं तर शर्ट टाकून देतील असे. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"टीप. यंत्र समतल पृष्ठभागावर ठेवावे."

मी एक टीप मारली. मग टेबल हलतंय का ते बघितलं.

"टीप. यंत्र ओल्या हातांनी हाताळू नये."

टीप मारली. हात पुसले.

"टीप. लहान मुलांपासून—"

"भाऊजी, दम धरा," मी म्हटलं. "टीप म्हणालात की जरा थांबत जा. मला मारायला वेळ लागतो."

भाऊजींना वाटलं मी समजून घेतेय. ते खूश झाले. प्रत्येक टिपेनंतर थांबायला लागले, अगदी इमानाने, मी मान हलवेपर्यंत. चिंधीभर टिपा झाल्या. मी म्हटलं, एवढं महागाचं मशीन, त्याचे चोचले असणारच. साध्या मशीनला तेल लागतं, याला टीप लागते. आधी एक टीप खाणार, मग काम सांगणार. मी अक्कांना ओरडून सांगितलं, "अक्का, याला भूक फार आहे."

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी कोट शिवायला टाकले. त्यांच्या दवाखान्यातले सगळे पांढरे कोट, त्यांचा स्वतःचा, मदतनीस मुलींचे, हिशेब बघणाऱ्याचा. नवे कोट. मी हो म्हणून बसले. म्हटलं, एवढं काम उतरवलं की तुझा बाप विमानाचं नाव काढणार नाही.

खिसे आले. कोटाला खिसे मी हजारदा लावलेत, झोपेत लावीन. पण समोर मशीन, शेजारी पुस्तक. म्हटलं, नव्या मशीनवर नव्या रीतीने. "भाऊजी, खिशाचं वाचा."

भाऊजींनी पान शोधलं. "खिशाचे तोंड. टीप." आणि थांबले.

मीही थांबले. अक्का तेव्हा दारात येऊन उभ्या होत्या, बटणांची डबी हातात. म्हणाल्या, "अगं, तोंडाला टीप मारलीस तर हात कसा जाईल आत?"

साधं मशीन असतं तर मीच म्हटलं असतं, वेडी का खुळी. पण फरशीची किंमत मोजलेली. माझ्या तोंडून काय निघावं? "अक्का, तुम्हाला काय माहीत, आता खिसे असेच असतात. दातांचा डॉक्टर हात लोकांच्या तोंडात घालतो, खिशात कशाला घालेल?"

मी शिवलं. मान हलवली. भाऊजींनी पुढे वाचलं, "तोंडाची पट्टी आधी दुमडून घ्यावी."

"आता सांगतंय होय," मी म्हटलं. "जाऊ दे. पुढचं वाचा."

सगळ्या कोटांचे सगळे खिसे मी असे बंद केले. आणि वर प्रत्येक खिशावर एक बदक. फुकट काढलं, माझ्याकडून.

डॉक्टर आले. कोट अंगात घातला, खांदे बघितले, बटणं लावली, छान म्हणाले. मग चष्मा खिशात ठेवायला गेले. चष्मा घसरला. त्यांनी हाताने चाचपलं. अंधारात माणूस भिंतीवर बटण शोधतो ना, तसं. दुसरा खिसा चाचपला. मग मला विचारलं, "बाई, हे उघडतात कुठून?"

"नव्या पद्धतीचे आहेत."

"हो, पण हात कुठून घालायचा?"

"डॉक्टर, हे मशीनच्या पुस्तकात दिलंय. भाऊजी, दाखवा यांना."

भाऊजींनी मोठ्या आवाजात वाचलं, आणि आता कोणी मान हलवेपर्यंत थांबा म्हटलं नव्हतं म्हणून एका दमात वाचलं. "खिशाचे तोंड. टीप, तोंडाची पट्टी आधी दुमडून घ्यावी."

डॉक्टर हळू म्हणाले, "बाई, टीप म्हणजे सूचना. लक्षात ठेवा असं सांगतात, त्याला पुस्तकात टीप म्हणतात."

मी भाऊजींकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला नव्हतं? मला वाटलं तुम्ही लक्षात ठेवायला थांबताय."

आणि मागच्या खोलीतून आवाज आला. बटणांची डबी पडल्याचा नव्हता. अक्का हसत होत्या. मी या घरात आल्यापासून तसं हसू ऐकलं नव्हतं. तोंडात टाचण्या नव्हत्या ना तेव्हा.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "उद्या नेतो. खिसे उघडा. बदकं राहू द्या, बदकं बघून मुलं तोंड उघडतील."

ते गेले आणि मी तुझ्या बापाला फोन लावला. म्हटलं, खोका घेऊन ये, हे परत कर. महागाच्या नादी लागून मी होती तीही अक्कल घालवली. मग कोटांचा ढीग घेऊन फरशीवर उसवत बसले. अक्का आल्या, शेजारी बसल्या. उसवायला डोळे कमी लागतात, त्यांची बोटं टिपेवरून सरकतात आणि दोरा सुटत जातो. त्या उसवायच्या, मी पट्टी दुमडून टाचायची आणि मशीनवर मारायची. घाईत माझ्या हातून दोरा तुटला. आणि नेमका तेव्हाच मास्तर आले, त्या निळ्या टिपेच्या पॅन्टसाठी. मी दारात गेले. आता दारात गेले म्हणजे बोलले, आलंच ते. त्यांची तब्येत, त्यांच्या बहिणीची तब्येत.

बोलता बोलता मला मागे मशीनचा आवाज आला. शहाण्यासारखा.

वळून बघितलं तर अक्का नव्या मशीनपुढे. मी गेल्यावर त्यांनी वाट बघितली असेल, आणि मी काही येत नाही म्हटल्यावर बसल्या असतील. खिसा संपला, दोरा तोडला. मग उगाचच नेढ्यातून दोरा काढून टाकला, दांडी दाबली, सोडली. दोरा आत. परत काढला, परत दांडी. मी विकणाऱ्या मुलाला करायला लावलं होतं तसंच, पण मी बघत होते आणि त्यांना कोणी बघत नाही असं वाटत होतं. मास्तरांना मी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला गप्प केलं आणि स्वतःही राहिले.

तुझा बाप आला, खोका घेऊन. मागवलेला मीच. त्याने आल्या आल्या टेबलावरचं सुयांचं पाकीट उचललं आणि त्यातून एक पत्र्याचा तुकडा काढला, त्याला पातळ तारेचा फास. "आई, हे काय असतं?"

"येतं पाकिटात. मी टाकून देते."

त्याने तार एका सुईत घातली, तारेत दोरा घातला, ओढला. सुई ओवली गेली. तो माझ्याकडे बघायला लागला. "म्हणजे हे फुकट येत होतं. आणि तू विमान घेतलंस."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. इतकी वर्षं पाकिटामागून पाकिटं उघडली आणि तो पत्रा मी तुला खेळायला द्यायची.

अक्कांनी मान वर न करता सांगितलं, "ते मी कधीच करून बघितलंय. तार नेढ्यातूनच घालायची असते ना? नेढं दिसलं असतं तर दोरा नसता का ओवला?"

तुझ्या बापाने पत्रा परत पाकिटात सरकवला. मला विचारशील तर त्या मशीनमध्ये दोनशे तऱ्हा आहेत, त्यातली आम्हाला सरळ टीप लागते आणि ती दांडी. बाकीचे पैसे बदकात गेले. महाग पडलं का? पडलं. अजून परत करायचं होतं का? ते मला कोणी विचारलंच नाही.

तो खोका उघडून उभा होता. "काकू, उठतेस का जरा? हे भरायचंय."

अक्कांनी पुढचा कोट ओढला, दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि तशाच दबल्या आवाजात म्हणाल्या, "त्याला सांग, मी कामात आहे."