पेटीतला रिकामा खण

माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांच्या मोठमोठ्या पेट्या आहेत. एकेक उचलायला दोन माणसं लागतात. लोकांना वाटतं, ट्रकवाल्याला श्रीमंतीचा शौक चढला. वाटू द्या.

बाप सनई वाजवायचा. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि वस्तीनं ठरवलं, गावासाठी वाजवणं बंद. ठरलं ते बरोबरच होतं. ज्या मांडवाबाहेर तो उन्हात उभा राहून वाजवायचा, त्या मांडवातलं पाणी त्याला कधी मिळालं नाही. त्यानं सनई फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचली. पण त्या दिवसापासून बोलणंही कमी केलं.

पुढे पांढरकवड्याला माझा धंदा जमला. बापाचे कान जात चालले होते. ते पुरते जाण्याआधी त्याला एकदा सनई ऐकवायची होती. ढाणकीच्या एका पाटलानं सागवानी पेटी विकायला काढली. तीत सनईची अख्खी मैफल होती, तबकडीमागून तबकडी. दुपारभर घासाघीस केली, दोनदा उठून निघालो, पाटलाला घाम फोडला आणि पेटी आणली. घरी पाहतो तर शेवटचा खण रिकामा. भैरवीचा.

तसाच परत गेलो. "पाटील, तबकडी काढा."

पाटील सुपारी कातरत राहिले. "सौदा पेटीचा झाला. पेटी देल्ली ना तुले?"

"पेटी काय भाकरी ठेवाले घेतली मी?"

"मंग तुह्या बापाले सांग ना भैरवी वाजवाले. मह्या पोरीच्या लग्नात अख्खा मांडव रडवला होता त्यानं. आता काहून, तोंड शिवलं का त्याचं?"

मी त्यांचा पानाचा डबा अंगणात भिरकावला. तबकडी मिळाली नाही. तो राग अजून गेलेला नाही, जाऊ देणारही नाही.

बापाला ग्रामोफोनजवळ खुर्ची दिली. तो बसेना. भोंग्याला कान लावून उभाच. मी चावी भरत होतो, तबकड्या उलटत होतो.

"हा उभ्यानं वाजवते का बसून?"

"बसून, बा. गादीवर."

"बरं हाय."

शेवटची तबकडी थांबली. बाप हलला नाही. "भैरवी?"

"नाही भेटली."

"भैरवी झाल्याबिगर सनई खाली ठेवत नाही, लेका."

तो उभाच राहिला. शेवटी मीच झाकण लावलं.

त्याच वर्षी तो गेला. त्यानंतर जिथे पेटी विकायला निघाली, तिथे मी पोचलो. भैरव्या पुष्कळ जमल्या. एकही लावलेली नाही.