बाईंनी माझ्या नातीचं तोंड हुंगलं

प्रार्थनेला उभ्या सगळ्या पोरींसमोर हुंगलं. मग केस हुंगले. म्हणाल्या, "बघा, दारू! तुमच्यात हे पोटातूनच शिकून येतात."

तलासरीजवळची आश्रमशाळा. बाई वसतिगृहाच्या अधीक्षिका. माझी वंदू दहावीला. ती खाली बसल्या बसल्या झोपलेली. ही रात्रीची झोप नव्हे हो! दहा-दहा दिवसांची. मध्येच उठवली तर अधाशासारख्या भाकऱ्या खायची, मला ओळखत नसल्यासारखी बघायची, पुन्हा आडवी. मग एका सकाळी टुणकन उठून विचारायची, "आजी, पेपर कधी आहे?" अशी ही तिसरी खेप.

केसांना वास होता, खोटं कशाला सांगू? सुट्टीत घरीच झोप लागली, म्हणून मी तिला भगताकडे नेली. त्यानं देवाच्या नावानं दारूचे थेंब तिच्या डोक्यावर शिंपडले. चाचणी बुडू नये म्हणून तशीच, न्हाऊ न घालता, शाळेत आणली. मूर्खपणा माझा. पण पोरीच्या तोंडाला वास नव्हता. ते बाईंना मानायचंच नव्हतं.

बाईंनी कागद पुढे सरकवला, शाईचा पॅड उघडला. "लावा अंगठा."

वाडीत मजुरीला चिकू भरताना खोक्यांवरची नावं वाचत मी अक्षरं शिकले, हे बाईंना कुठून ठाऊक? कागदात लिहिलेलं, मुलगी व्यसनी आहे, स्वखुशीनं काढून नेते. म्हटलं, "पेन द्या." त्याच कागदावर लिहिलं, 'खोटं आहे. नेत नाही.' बाईंचं तोंड बघायला हवं होतं!

वापीच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या. म्हणाला, "आजी, हा आळस नाही, आजार आहे." मेंदूच्या तळाशी चिकूच्या बीएवढा भाग असतो. झोप, जाग, भूक तिथून चालते, तिथल्या रसायनांवर. खेप आली की तिथंच काही बिघडत असावं. नेमकं काय, ते अजून मोठमोठ्यांनाही उमगलेलं नाही. "मलाही नाही ठाऊक," म्हणाला. इतका शिकलेला माणूस, तरी म्हणाला. आमच्या बाईंना मात्र एका श्वासात सगळं कळलं.

डॉक्टरचा दाखला दाखवला तर बाई म्हणतात, "असला आजार असतो का कुठे? हजेरी भरत नाही. नाव कमी होणार."

पुढची खेप येईल, डॉक्टरनं सांगितलंय. येऊ दे. मी वसतिगृहात तिच्याशेजारी चटई टाकणार. आत घेतलं नाही तर दारात बसणार. उठवायला पोलीस बोलवा. वंदूचं नाव हजेरीतून निघणार नाही.